भिंत पाडण्याआधीचं पद

वाशीचे दिनानाथ खरे महाप्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. पण तरुणपणी आठ वर्षं त्यांनी एका संगीत नाटक मंडळीत पेटीची साथ केली होती. म्हणून चौऱ्याऐंशी साली नव्या वसाहतींच्या नाट्यस्पर्धेला परीक्षक म्हणून त्यांनाच बोलावलं, आणि आयोजकांनी आपण होऊन डोक्याला ताप लावून घेतला.

शेवटचं नाटक कोपरखैरण्याच्या मंडळाचं. गोष्ट घट्ट होती. जमीन सरकारकडे गेलेली, आता घरही जाणार, आणि म्हातारी आई उंबरा सोडत नाही. आईचं काम गावातल्याच मालतीबाई करत होत्या. त्या गोणीत नुसती भांडी भरायला लागल्या तरी मांडवातली कुजबुज थांबायची. मग घर पाडायला मुकादम आला, त्यानं भिंतीवर पहार उगारली, आणि तेवढ्यात मुलाच्या भूमिकेतला नंदकिशोर पुढे येऊन गायला लागला. दिग्दर्शकही तोच.

गाणं सहा मिनिटांचं. मुकादमानं पहार आधी खांद्यावर घेतली, मग जमिनीवर टेकवली, शेवटी तिच्यावर रेलून उभा राहिला. आई कोपऱ्यात. पद संपलं तसा वन्समोअर आला आणि नंदकिशोरनं ते पुन्हा अख्खं म्हटलं. दिनानाथांनी कपाळाला हात लावला.

नाटकानंतर परीक्षक शाळेच्या स्टाफरूममध्ये बसले. गुणपत्रिकेत कथा, अभिनय, गायन असे तीन रकाने. दुसरे परीक्षक, बँकेतले जयप्रकाश म्हणाले, "गायनाला वीसपैकी अठरा. काय गळा आहे पोराचा."

"गळ्याला मी कुठे नावं ठेवतोय? घर पडतंय, साहेब. तेव्हा ज्याला ताना सुचतात, तो त्या घरातला वाटतो का?"

"मग कथेत कापा."

"कथेनं काय घोडं मारलंय? तिला तर गाण्यानं थांबवून ठेवलं. आणि जिचं घर जातंय, तिच्या तोंडी एक ओळ नाही. हे कुठल्या रकान्यात लिहू?"

जयप्रकाशांनी घड्याळ पाहिलं. दिनानाथांनी गायनाला सहा दिले. नाटक तिसरं आलं.

रविवारी सकाळी नंदकिशोर त्यांच्या दारात हजर, बरोबर मालतीबाई.

"काका, पब्लिकनं वन्समोअर दिला आणि तुम्ही सहा?"

"वन्समोअर तुला दिला. नाटकाला नाही. ते गाणं यांना दे."

"यांना कुठे गाणं येतं?"

"मना लग्नाची गानी येतान," मालतीबाई शांतपणे म्हणाल्या. "पन कोनी इचारलंच नाय."

दिनानाथांनी पेटी काढली. पण बाई जाड, साध्या आवाजात गुणगुणायला लागल्या, तशी त्यांनी भाता मिटला. इथे पेटी नको होती. नंदकिशोर खाली बघत म्हणाला, "ठीक आहे. आईला गाणं. माझं बंद."

डिसेंबरात पनवेलला प्रयोग झाला. मालतीबाईंनी भांडी भरता भरता तीन ओळी म्हटल्या. मुकादमाची पहार वरच राहिली, आणि टाळी वाजवायचं कुणाला सुचलं नाही. दिनानाथांचे डोळे भरून आले. डोळे पुसतायत तोवर नंदकिशोर पुढे आला आणि त्यानं आपलं पद सुरू केलं. पूर्ण सहा मिनिटं.

प्रयोग संपल्यावर ते तडक रंगपटात गेले. "काय ठरलं होतं आपलं?"

"काका, लोक त्याच गाण्यासाठी येतात. टेन्शन नका घेऊ."

"येतान," तोंडाचा रंग पुसत मालतीबाई म्हणाल्या. "पन आज तुजे गान्याला लोकं खोकत व्हती."

पुढच्या प्रयोगाला नंदकिशोरनं दोन कडवी कापली. एक मात्र ठेवलंच, आणि त्या एका कडव्यावरून त्याची आणि दिनानाथांची कुरबुर पुढे कित्येक वर्षं चालू होती.