भावाच्या पट्टीतली गाणी

आमच्या बँडमध्ये चौघं. माझा धाकटा भाऊ गायचा, मी कीबोर्डवर, बँकेत कारकून असलेला एक मित्र गिटारवर आणि नवीन जालना भागातला एक मारवाडी व्यापारी ड्रमवर. मी बियाण्याच्या कंपनीत उगवण तपासते, म्हणजे दिवसभर कोंब मोजते. रॉक बँड म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर जे येतं त्यातलं आमच्यात काहीच नव्हतं. रविवारी दुपारी जेवण उरकून आम्ही ड्रमरच्या गोदामात जमायचो. तिथं सरकी पेंडीची पोती पार छतापर्यंत रचलेली, त्यामुळे आवाज घुमत नसे. पेंडीचा वास मात्र सोमवारपर्यंत केसांत राहायचा.

अल्बम करायचं ठरलं आणि नेमकं पुण्याच्या एका बँडनं भावाला बोलावलं. तो निघाला. जाताना म्हणाला, "ताई, माझ्याबिगर हा अल्बम बिलकुल होणार न्हाई. उगं नाद करू नका." मी त्याला डबा बांधून दिला, आणि गाडी स्टेशनातून सुटते न सुटते तोच ठरवलं की अल्बम होणारच. माझी बरीचशी चांगली कामं रागाच्या भरातच झाली आहेत.

खरं दुखणं वेगळं होतं. आठही गाण्यांचे शब्द माझे, चाली माझ्या, पण सगळे ती त्याचीच गाणी म्हणायचे. इतकी वर्षं मीही तसंच म्हणत आले. तो नसताना ती कोणाची, हे मला बघायचं होतं.

गायला मी उभी राहिले आणि आम्ही एक वेडेपणा केला. त्याच्याच पट्टीत वाजवत राहिलो. तो पांढरी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या पांढऱ्या सुरावर सा धरून, गायचा. गिटारवाल्याची बोटं तिथंच बसलेली, आणि मलाही दुसरं काही सुचलं नाही. मुखड्यातच माझा आवाज इतका खाली जायचा की मी गाते आहे की पुटपुटते आहे, कळत नसे. दोन महिने आम्ही माईकला दोष दिला, मग पोत्यांना, मग माझ्या घशाला. हळद घातलेलं दूध पिऊन मी वैतागले.

शेवटी एका रविवारी ड्रमरनं काड्या खाली ठेवल्या. "ताई, तुम्ही गाऊन न्हाई राह्यल्या. त्याची नक्कल करून राह्यल्या. तुमची पट्टी कोणती?"

चाळिशीला टेकलेली, लहानपणी पेटी शिकलेली बाई, आणि स्वतःची पट्टी ठाऊक नाही. चांगलीच लाज वाटली. कीबोर्डवर एकेक सूर दाबत, गात, वर चढत गेले. पांढरी चारवर आवाज मोकळा सुटला.

गिटारवाला कुरकुरला. "मंग मला क्यापो लावावा लागंल." क्यापो म्हणजे पट्टी चढवायला गिटारच्या मानेला लावायचा चिमटा, आणि त्याच्या मते तो फक्त शिकाऊ लोकांसाठी असतो. पुढच्या रविवारी त्यानं तो खिशातून काढला आणि आमच्याकडे न बघता लावला.

त्या दिवशी गाताना मला सारखं हसू येत होतं. इतकी वर्षं मी माझंच कापड त्याच्या मापानं शिवत होते. सात गाणी भराभर रेकॉर्ड झाली. एवढी सुखी मी क्वचितच झाले असेन.

आठवं राहिलं होतं तेव्हा भाऊ सुट्टीवर आला. त्याला गोदामात नेलं, पोत्यावर बसवलं, कानांवर हेडफोन चढवले. त्याला काय काय सुनवायचं ते मी आठवडाभर घोकून ठेवलं होतं. पाचव्या गाण्याला तो माझ्या आवाजासोबत गुणगुणायला लागला. अंतऱ्याला अडकला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा अडकला.

"माझ्याच्यानं इतकं वर जाईना," तो म्हणाला. मग हेडफोन काढून, "ताई, हे गाणं असंय, मला माहीतच नव्हतं."

माझे सगळे टोमणे वाया गेले. त्याच्याविषयी एकदम प्रेम दाटून आलं.

"शेवटच्या गाण्यात मी खालच्या सुरात साथ देऊ का?" त्यानं विचारलं. ड्रमर माझ्याकडे बघत राहिला. मी मान डोलावली. भाऊ उठला, माझ्या एक पाऊल मागे उभा राहिला आणि घसा साफ केला.

"पट्टी कोणती, ताई?"

हे त्यानं मला आजवर कधी विचारलं नव्हतं. "पांढरी चार," मी सांगितलं.