नवसाबाईच्या डेऱ्यातलं लोणी

निफाडच्या नवसाबाईचा स्वतःच्या सावलीवरही भरवसा नव्हता. घरात मिक्सर आला, टीव्ही आला, पण ताक मात्र ती डेऱ्यातच करायची आणि रवीला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. सून छाया घरात येऊन चार वर्षं झाली होती, तरी नाहीच. रवी फिरवून ताकावर लोण्याचे कण दिसू लागले, की नवसाबाई डेरा झाकायची आणि तुळशीला पाणी घालायला जायची. लोण्याला जमायला वेळ लागतो म्हणे. परत आली, की गोळा काढायची. साऱ्या आळीत तिच्या लोण्याचं नाव होतं.

त्या हिवाळ्यात गोळा लहान होऊ लागला. म्हैस तीच, दूधही तेवढंच. मग लोणी जातं कुठं? नवसाबाईचा संशय सरळ सुनेवर गेला. एकदा ती तुळशीपासून लवकर परतली, तर छायाच्या बांगड्या ताकानं ओल्या आणि बोटांना लोणी. झालं!

"माहेरी चोरून लोणी धाडतीस व्हय गं?"

छाया नुसती रडली. ती गप्प बसली म्हणून नवसाबाईची खात्रीच पटली. मुलगा रावजी मध्ये पडला, त्यालाही तिनं झापलं आणि सुनेला नांदगावला माहेरी धाडून दिलं.

दुसऱ्या दिवशी लोणी आलंच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आता संशय शेजारच्या कुसाबाईच्या नजरेवर. नवसाबाईनं डेऱ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या. ते पाहून कुसाबाईचं डोकं फिरलं.

"माझी नजर कसली काढतीस? तुझ्यानं रवीची दोरी वढवत नाय आता. तू तुळशीकडं गेली, की छायाच घाईघाईनं घुसळायची. तुला वाईट वाटंल म्हणून कुणाला सांगू नका म्हणली."

नवसाबाईनं रागानं पुन्हा दोरी धरली. दोन-चार हिसक्यांतच ती हातातून सुटली. हात गारठतात म्हणून इतके दिवस ती थंडीला दोष देत होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिनं नांदगावची एसटी धरली. विहीणबाईंच्या देखतच म्हणाली, "चोर म्हणले तुला. माझ्याच हातात जोर नाय राहिला. चल घरी, पोरी."

छायानं डोळे पुसले. "येते आत्याबाई. पण आता लपून नाय घुसळणार. तुमच्यासमोर बसून घुसळीन."

"घुसळ. रवी आता तुझ्याच हातात," नवसाबाई म्हणाली.