मांजरीतला बर्फ आणि अक्काची म्हैस

आकाशातून पडलेला बर्फ मी आजवर पाहिलेला नाही. बर्फ उपसण्याचा दीड दिवसाचा अनुभव मात्र मला आहे, आणि तो पुण्याजवळच्या मांजरी गावातला आहे.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, लग्न होऊन मांजरीला गेली. दाजी गेल्यावर तिच्याकडे वीस गुंठे जमीन, एक गोठा आणि एक म्हैस उरली. आसपासच्या उसातून तेव्हा इमारती वर यायला लागल्या होत्या. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, सॉफ्टवेअरच्या कंपनीत लागला होता. त्याने चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता आणि आईने तिथे येऊन राहावं म्हणून रोज घोशा लावत होता. अक्काने त्याला एकच उत्तर देऊन ठेवलं होतं : म्हैस आहे तोवर मी हाय इथंच. म्हैस गाभण होती, दहावा महिना लागला होता. ती नीट व्याली तर अक्का शेतावर राहणार, तिला काही झालं तर अक्का चौथ्या मजल्यावर जाणार, असा हिशोब होता आणि तो आम्हा तिघांना पाठ होता.

अशात डिसेंबरमध्ये भाचा माझ्याकडे धायरीला आला.

"मामा, आमचा क्लायंट आलाय. लहानशा फार्मवर वाढलाय तो. त्यांच्याकडे आत्ता खिडकीपर्यंत स्नो असतो. नाताळात बिचारा एकटा पडलाय, म्हणून आम्ही त्याला सरप्राइज देतोय. स्नो देतोय."

"कुठे देताय?"

"आईच्या शेतावर. तुम्ही फक्त माल मोजून घ्या."

मी एका कारखान्याच्या भांडारात काम करतो. आलेला माल मोजून घेणं आणि गेलेला मोजून देणं, एवढंच मला येतं. त्यामुळे बर्फाचा ताबा माझ्याकडे आला. शनिवारी स्वारगेटहून बस पकडून मी मांजरीला पोचलो, तेव्हा टेम्पोतून साठ पोती उतरत होती. आत थर्माकोलचे साबुदाण्याएवढे दाणे होते. पोतं माणसाच्या छातीइतकं उंच, पण एका हाताने उचलता येईल असं. सजावटवाल्याने बजावलं, "वजनावर दिलंय, वजनावर परत घेणार." म्हणजे बर्फ भाड्याचा होता.

"ह्ये काय हाय?" अक्काने विचारलं.

"थोडी सजावट आहे गं आई," भाचा म्हणाला.

"म्हशीच्या अंगावर न्हाई ना येनार?"

"छे!"

दुपारी चारला सजावटवाल्याने लग्नात वापरतात तसला मोठा पंखा सुरू केला आणि समोर पोती रिकामी करायला लागला. पुढच्या पंधरा मिनिटांत मेथीचे वाफे दिसेनासे झाले. मग बांध गेला, मग विहिरीचा कठडा. शेजारच्या उसावर पांढरं चढलं. गोठा पंख्याच्या अगदी तोंडासमोर होता, त्यामुळे सगळ्यात जास्त बर्फ तिथे साठला. दाराशी गुडघाभर ढीग झाला. भाच्याच्या कंपनीतली चाळीसएक मुलंमुली लोकरीच्या टोप्या घालून फोटो काढत होती. उकाड्याने त्यांच्या कपाळावर घाम होता आणि घामाला दाणे चिकटले होते.

अक्का गोठ्यात गेली आणि लगेच बाहेर आली.

"माझी म्हस कुठाय?"

"आत आहे की."

"आत येक पांढरी हाय. ती माझी न्हाई."

ती तिचीच होती. थर्माकोलचे दाणे केसांना चिकटतात आणि झटकले की जास्त चिकटतात. म्हशीचे फक्त डोळे आणि शिंगांची टोकं काळी राहिली होती. बाजूला रचलेला कडबाही पांढरा झाला होता आणि म्हैस त्यातली एक पेंढी शांतपणे खात होती.

एवढ्यात पाहुण्याची गाडी आली. सगळ्यांनी ओरडून त्याचं स्वागत केलं. पन्नाशीचा उंच माणूस, अंगात काळा कोट. तो फाटकातच थांबला. त्याने शेत पाहिलं, पंखा पाहिला, गोठ्याच्या दारातला ढीग पाहिला आणि भाच्याला काहीतरी विचारलं.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

भाच्याचा चेहरा उतरला होता. "फावडं मागतोय."

मी फावडं आणि घमेलं आणून दिलं. पाहुणा गोठ्यापाशी गेला आणि उपसायला लागला. भाच्याने मला सांगितलं ते असं : त्यांच्याकडे बर्फ पडला की आधी जनावरांचं दार मोकळं करतात, घराचं नंतर. पाच वर्षांचा असल्यापासून त्याने हेच केलं होतं, आणि या वर्षी ते करावं लागू नये म्हणून डिसेंबरातला पुण्याचा दौरा मागून घेतला होता.

त्याची पद्धत चांगली असणार. पण त्याचा बर्फ टाकला तिथे पडून राहत असावा. आमचा राहत नव्हता. तो फावडंभर बाहेर फेकायचा, पंखा तेवढाच परत आत आणायचा. पंखा बंद करायचा तर बटण सजावटवाल्यालाच माहीत, आणि तो वडापाव खायला गेला होता. मग अक्काने पुढे होऊन वायरच उपटली.

"पाव्हण्याला कामाला लावलंस व्हय रं?" ती मुलावर ओरडली. "जनाची न्हाई तर मनाची तरी!"

संध्याकाळी सगळे गेले. म्हशीने पाण्याला तोंड लावलं नाही. खाली बसली, पण रवंथ करेना. अक्का तिच्या पाठीवर हात ठेवून बसली. भाचा फ्लॅटचं नाव काढत नव्हता.

रविवारी सकाळी गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी पोटावर कान लावला, कुशीत मूठ दाबून पाहिली.

"काय खाल्लंय हिने?"

भाचा माझ्याकडे बघायला लागला, मी कडब्याकडे.

"बर्फ," अक्का म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्याकडे, मग शेताकडे पाहिलं. "आम्हाला हे शिकवलेलं नाही," ते म्हणाले. गोडेतेल पाजायला सांगितलं, सावकाश फिरवायला सांगितलं. "शेण पडलं आणि रवंथ सुरू झालं तर वाचली. संध्याकाळपर्यंत नाही झालं तर पोट उघडावं लागेल. आणि या दिवसांत उघडलं तर दोघांची खात्री मी देणार नाही."

मग आम्ही कामाला लागलो. भाचा म्हशीला फिरवत होता. मी आणि अक्का कडब्याची एकेक पेंढी सोडून ओल्या गोणपाटाने ज्वारीचं ताट न् ताट पुसत होतो. दहाच्या सुमाराला पाहुणा आला, रिक्षाने, एकटाच. त्याने कोट आणला नव्हता. काही न विचारता तो माझ्या शेजारी बसला आणि कडबा पुसायला लागला.

"त्याला विचार," अक्का मुलाला म्हणाली, "त्यांच्याकडं म्हशी हायेत का?"

"गाई आहेत म्हणतो."

"बर्फात काय खात्यात?"

"उन्हाळ्यात वाळवून ठेवलेलं गवत."

"म्हंजी कडबाच की," अक्का म्हणाली आणि त्याच्याकडे आणखी दोन पेंढ्या सरकवल्या.

दुपारी सजावटवाला पोती न्यायला आला. आम्ही जमेल तेवढं भरून ठेवलं होतं. त्याने काटा लावला आणि गोंधळला, कारण बर्फ दिला होता त्यापेक्षा अकरा किलो जास्त भरत होता. त्यात माती होती, पाचोळा होता, मेथी होती आणि एक चप्पल होती. इतक्या वर्षांच्या नोकरीत भाड्याचा माल वाढून परत गेल्याची माझी ही एकच नोंद आहे. कमी भरल्यावर काय करायचं हे त्याला माहीत होतं. जास्तीचं काय करायचं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं आणि मलाही. तो चप्पल ठेवून गेला.

पाच वाजायच्या सुमाराला म्हशीने शेपटी वर केली. आम्ही चौघं मागे धावलो. शेण पडलं, भरपूर पडलं, आणि त्यात पांढरे दाणे होते. पाहुण्याने मुठी आवळून वर केल्या. मी खाली बसून दाणे मोजायला लागलो. किती आत गेले ते माहीत नसताना किती बाहेर आले हे मोजून काही उपयोग नव्हता, पण हात आपोआप चालला.

"आरं मोजतोस काय! सरक मागं," अक्का म्हणाली. "तिला बसू दे."

म्हैस गोठ्यात जाऊन बसली. बराच वेळ काहीच नाही. मग तिच्या गळ्यातून वर काहीतरी सरकलं आणि जबडा हलला. एकदा. पुन्हा. मग लय लागली. अक्काने पदर तोंडाला लावला.

तेवढ्यात भाच्याचा मोबाइल वाजला. त्याचा मॅनेजर विचारत होता की क्लायंट हॉटेलवर नाही, फोन उचलत नाही, कुठे आहे?

"सर, ते मीटिंगमध्ये आहेत," भाचा म्हणाला.

"बंद कर ते मेलं!" अक्का दबक्या आवाजात म्हणाली. "दचकली तर थांबल."

भाच्याने फोन बंद केला. पाहुण्याला शब्द कळले नसतील, पण त्यानेही खिशातून आपला फोन काढून बंद केला. मग आम्ही चौघं दिवेलागणीपर्यंत दावणीसमोर बसून तिचा हलता जबडा बघत राहिलो.