सिंगापुरात मी डॉक्टर होतो

रसमाचं पातेलं कितीही घासा, तळाशी काहीतरी चिकटून राहतंच. औषध कंपन्यांचे किस्से माझ्याकडे तसेच राहिलेत. मी तंजावूरचा आचारी, राजवाड्यामागच्या गल्लीतला. शाळा सहावीपर्यंत. आणि परदेशातल्या मेडिकल कॉन्फरन्सला जाऊन आलोय!

देशाचा बाजार परदेशी कंपन्यांना नुकता उघडला होता. एका कंपनीनं आमच्या भागातले पंधरा डॉक्टर सिंगापूरला न्यायचं ठरवलं. तिसऱ्या दिवशी त्यांना रसम-भाताची आठवण येणार, म्हणून एरिया मॅनेजर मोहननं मलाही उचललं. कागदावर माझा हुद्दा ‘सायंटिफिक असिस्टंट’.

"म्हणजे मी करायचं काय?"

"मीठ बघून घालायचं, रावजी."

*

कंपनीचा रिप्रेझेंटेटिव्ह कण्णन पंचेचाळिशीचा, एम.एस्सी. केमिस्ट्री. औषधांबद्दल झोपेतही बोलायचा, पण तिथं त्याला विचारतंय कोण? बाजारातनं आला तेव्हा काखेत व्हीसीआर, हातात चार पिशव्या, गळ्यात एका डॉक्टरांच्या सासूची पर्स.

मी म्हटलं, "कण्णन, ही कसली प्रक्रिया चाललीय?"

"प्रमोशनची, अण्णा."

*

मोहनचा नियम एकच. डॉक्टरला ‘नाही’ म्हणायचं नाही. हे ऐकलं आणि माझ्या जिभेला खाज सुटली.

आमच्या गावचे मोठे डॉक्टर नटेशन चालून चालून कुरकुरत होते. मी हळूच म्हटलं, "आमचा मोहन पाय काय सुरेख चेपतो, डॉक्टर! लाजतो, पण विचारून बघा."

वाटलं, मोहन चिडेल, मला चार शिव्या घालेल, मजा येईल. मोहननं टाय खांद्यावर टाकला, हॉटेलच्या लॉबीत मांडी घातली आणि अर्धा तास पाय चेपले. हसायला उघडलेलं माझं तोंड तसंच राहिलं.

नंतर मलाच म्हणतो, "थँक्स, रावजी. त्यांच्या चिठ्ठ्या आता आपल्याच."

*

कंपनी खपवत होती ती गुडघेदुखीची पिवळी गोळी. जवळच्या पापनाशम गावी दिलेली माझी थोरली बहीण, तुळसाअक्का, सहा महिने तीच खात होती. नटेशन डॉक्टरांनीच लिहून दिलेली. गुडघा बरा होता, पण जेवण तुटलं होतं. म्हणून कॉन्फरन्समधल्या कंपनीच्या स्टॉलवर त्या गोळीचा हा मोठा फोटो दिसला तेव्हा मी तिथंच घुटमळलो.

एका गोऱ्या डॉक्टरनं विचारलं, "हिचा त्रास काय होतो?" मोहननं त्याला पेन दिलं. त्यानं पुन्हा विचारलं. मोहननं बॅग दिली. तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मोहन माझ्याकडे वळला, "रावजी, साहेबांना दोन बोंडे."

*

दुसऱ्या दिवशी याच गोळीवर भाषण होतं आणि आमचे पंधराही डॉक्टर पक्षी बघायला गेलेले. रिकाम्या खुर्च्या हेड ऑफिसला दिसल्या तर मोहनची धडगत नव्हती. त्यानं मला स्वतःचा कोट चढवला, छातीवर नटेशन डॉक्टरांचा बिल्ला लावला. "बसा. मान हलवा. तोंड उघडू नका."

मी मान हलवली. शेजारी मलेशियाच्या एक म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई होत्या, तमिळ बोलणाऱ्या. पडद्यावर काळजाखालचं ते लिव्हर आलं आणि त्या कपाळाला हात लावून बसल्या. मी विचारलं, "काय म्हणतोय, अम्मा?"

त्यांनी माझा बिल्ला बघितला, मग मला बघितलं. "म्हाताऱ्या माणसांना ही गोळी महिनोन्महिने देऊ नका म्हणतोय. लिव्हर जातं. आधी भूक मरते, मग डोळे पिवळे होतात. तुम्ही किती जणांना दिलीय, डॉक्टर?"

मी खुर्चीतून उठलो.

बाहेर येऊन मोहनला गाठलं. "भाषणात काय सांगितलं ते ऐकलंस ना? माझी अक्का ती गोळी खातेय."

"रावजी," तो कोट परत घेत म्हणाला, "संध्याकाळच्या पायसमचं बघा."

त्या रात्री पायसम केलं नाही. कण्णनकडून फोन लावून घेतला असता, पण अक्काच्या घरी फोनच नव्हता.

*

तंजावूरला उतरलो आणि बॅगेसकट पापनाशमची बस धरली. अक्काचे डोळे हळदीसारखे झालेले. दुसऱ्या दिवशी तिला नटेशन डॉक्टरांकडे आणलं. बाहेर बाकांवर वीस-पंचवीस माणसं होती.

दारातूनच म्हटलं, "डॉक्टर, ती पिवळी गोळी बंद करा. लिव्हर खाते."

"कोण म्हणतं? तुम्ही डॉक्टर की मी?"

"सिंगापुरात मीच होतो. तुम्ही पक्षी बघत होतात!" सगळ्या बाकांना ऐकू जाईल असं बोललो.

त्यांनी आम्हाला आत ओढून दार लावलं. अक्काचे डोळे बघितले. तिच्या चिठ्ठीवरची गोळी खोडली, रक्त तपासायला लिहून दिलं. फीसुद्धा घेतली नाही.

आमच्यामागून एक म्हातारी आत गेली, गुडघे धरत. अक्काला चालायला वेळ लागत होता, म्हणून आम्ही अजून पायरीवरच होतो. म्हातारी बाहेर आली आणि चिठ्ठी माझ्यापुढे धरून म्हणाली, "तंबी, भावा, वाच बघू, काय दिलंय?"

तीच गोळी. तीन महिन्यांची.