लागलाबाई

"लागला म्हटलं की लागला, आपला वाद मिटेपर्यंत जंतू ताटकळत बसत नाहीत," असं ती एकदा एका नव्या नर्सला म्हणाली होती. तेव्हापासून ऑपरेशन थिएटरमध्ये तिचं नाव लागलाबाई पडलं.

नियम तिचाच. निर्जंतुक केलेला हात कुठे टेकलेला दिसला, की बघणाऱ्याने 'लागला' म्हणायचं. ज्याचा लागला त्याने मुकाट्याने मागे सरायचं, गाऊन आणि हातमोजे बदलून यायचं. मोठ्या डॉक्टरांनाही तिने अनेकदा असं मागे सारलं होतं. "आमच्या सासूबाईंची नजर परवडली," असं पुटपुटत ते जायचे, पण जायचे.

घरी ती एकटीच. धाकट्या बहिणीचं बाळ पहिल्यांदा घरी आलं, तेव्हा तिने कोपरापर्यंत हात धुतले आणि ओले हात वर धरून उभी राहिली. बहीण म्हणाली, "अगं ताई, कुणी पिस्तूल रोखलंय का तुझ्यावर?" हात वाळेपर्यंत बाळ बहिणीच्याच खांद्यावर झोपून गेलं. आता ते कॉलेजात जातं.

निवृत्तीला चार महिने होते. ते ऑपरेशनच्या टेबलापाशी उभं राहून काढायचे, एवढंच तिला हवं होतं; दुसरीकडे कुठे तिची कुणी वाट बघत नव्हतं. पण डाव्या डोळ्याला कडेचं धूसर दिसू लागलं होतं.

"स्टोअरमध्ये या आता," मेट्रन म्हणाल्या. "बसून काम आहे."

"माझा लागला आणि मला कळलं नाही, तर त्या दिवशी येईन."

तो दिवस मंगळवारी आला. आतड्याचं ऑपरेशन चाललं होतं. तिने डॉक्टरांच्या हातात चिमटा दिला, हात मागे घेतला. शेजारी मदतीला उभी असलेली नर्स, तिनेच शिकवलेली, अगदी हळू म्हणाली, "लागला."

"कुणाचा?"

"तुमचा, बाई. डावा. कोपरापाशी, सलाइनच्या स्टँडला."

तिला काहीच जाणवलं नव्हतं. स्टँड तिथे आहे, हे तिला मान पूर्ण वळवल्यावर दिसलं.

डॉक्टर जखमेवरून नजर न काढता म्हणाले, "मी नाही पाहिलं. बाई, तुम्हीच सांगा. लागला का?"

ती 'नाही' म्हणाली असती, तर तिच्या शब्दावर कुणी शंका घेतली नसती. मास्कच्या वर त्या मुलीचे डोळे भरून आले होते, तरी तिने नजर खाली वळवली नाही. असं बघायला बाईंनीच शिकवलं होतं.

ती मागे सरली. मानेनेच त्या मुलीला आपल्या जागी, हत्यारांच्या ट्रेपाशी, यायला सांगितलं. मग इतकी वर्षं छातीशी उचलून धरलेले हात तिने खाली सोडले. थिएटरचं दार ती नेहमी पाठीने ढकलायची. आज हातमोजे काढून बादलीत टाकले, उघड्या तळव्याने दार लोटलं, आणि बाहेर पडली.