स्लॅब पडत असताना

वडील मुकादम होते. कळमनुरीचे ठेकेदार स्लॅबच्या कामाला त्यांनाच बोलवायचे, कारण त्यांची माणसं काम अर्ध्यावर टाकून जात नसत. त्यामागं वडिलांचा एक नियम होता. एकदा काँक्रीटचा माल पडू लागला की कोणाच्याही घरचा निरोप आला तरी तो काम संपल्यावरच सांगायचा. आमची टोळी एकाच वस्तीतली, सगळी एकमेकांची सोयरी. एकाच्या घरी काही झालं की सगळेच उठून जाणार, आणि अर्धवट राहिलेला स्लॅब पुढं सांध्यातून गळणार. नियम बरोबरच होता. मला आजही त्याचा राग येतो.

दुष्काळाच्या पुढच्या वर्षी डोंगरकडा गावात शाळेचा स्लॅब होता. आई तापानं अंथरुणाला खिळलेली. मी घरी थांबते म्हणाले, तर तीच म्हणाली, "जाय. रांगेत माणूस कमी पडल तुह्या बापाला." शेजारणीच्या भरवशावर तिला सोडून मी गेले.

घमेली हातोहात वर चढत होती. वडील परांचीवरून एकेकीची थट्टा करत होते, खुशीत होते. दुपारी वस्तीवरून एक जण सायकलवर आला. पाण्याच्या पिंपाजवळ माझी चुलत आत्या होती. निरोप ऐकून ठेवायचं काम तिचं. तो तिच्याशी बोलला आणि सावलीला बसला. रांगेतल्या प्रत्येकीची नजर त्या दोघांकडं वळली. वडील वरून म्हणाले, "हात चालवा बायांनो, काय असल ते सांजच्याला कळल."

मी पाणी प्यायला गेले. "आपल्या घरचं हाय का?" असं विचारलं.

"पाणी पी," आत्या म्हणाली. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

दिवस कलताना शेवटचं घमेलं पडलं. वडिलांनी नारळ फोडला, गूळ वाटला. आत्या हात पुढं करेना.

"घे की. काहून तोंड पाडून बसली?"

"दादा, वैनी तुमाला बोलावून राहिली. दुपारपासून."

आम्ही पळत सुटलो. पोचलो तेव्हा शेजारीण आईचे डोळे मिटवत होती. ती म्हणाली, "दाराकडं पाहून राहिली होती. म्या म्हनलं, येऊन राहिले, येऊन राहिले."

आत्या वडिलांच्या पायाशी कोसळली. "तू बराबर केलं," एवढंच ते म्हणाले. मी मात्र त्या दोघांशी कितीतरी दिवस बोलले नाही.

पुढचा स्लॅब कुरुंद्याला होता. माल निम्मा पडला असेल, तोच एक माणूस निरोप घेऊन आला. वडील ओरडले, "थांबवा! आधी निरोप सांगा!" ठेकेदार अरे अरे करत धावला, पण सगळे हात थांबले होते. निरोप एवढाच होता की रांगेतल्या एकीचा भाऊ घरी पाहुणा आलाय. बाया खळखळून हसल्या. वडील परांचीवर आमच्याकडं पाठ करून उभे होते, आणि लेकरासारखे रडत होते.