पाठ आधीची, पाय नंतरचे

सोनल शाळेत असताना गावच्या रेशन दुकानात अंगठा लावायचं यंत्र आलं. भीमाशंकरच्या अलीकडचं डोंगरातलं गाव, रेंज मिळायची ती फक्त देवळामागच्या खडकावर. दुकानदार यंत्र घेऊन तिथं चढायचा आणि त्याच्या मागून सगळा गाव. सोनलची आई अंबाबाई रिकामी पिशवी अंथरून खडकावर बसायची. सोनल मात्र दुकानदाराच्या शेजारी उभी.

"अंगठा इथं लावला, मग त्यो जातो कुठं?"

"पुण्याला."

"आन् मधी कुणी बघितला तर?"

दुकानदाराला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. "बंद करून पाठवत असतील," तो म्हणाला.

बंद करून म्हणजे कसं, हे कळून घ्यायला सोनलला पुढं बरीच वर्षं लागली. कॉम्प्युटरचा डिप्लोमा झाला, पुण्यात दोन वर्षं नोकरी झाली, आणि सव्विसाव्या वर्षी ती वारूळवाडीत सुदर्शनच्या छोट्या वर्कशॉपमध्ये रुजू झाली. सुदर्शन कॅमेऱ्याच्या पेट्या बनवत असे. उसाच्या कडेला खांबावर पेटी बसवायची, समोरून बिबट्या गेला की ती लागोपाठ फोटो काढायची. बिबट्यांचा अभ्यास करणारी मंडळी ते फोटो अधूनमधून येऊन नेत. पेटी चोरीला गेली तर मादी पिल्लं घेऊन कुठं बसते हे गावभर होईल, म्हणून प्रत्येक फोटो कार्डावर जाण्याआधी एन्क्रिप्ट व्हायचा. ज्याच्याकडे किल्ली नाही त्याला नुसता कचरा दिसणार.

अडचण बॅटरीची होती. वीस दिवस चालेल असं सुदर्शनने त्या मंडळींना सांगितलं होतं. चालत होती अकरा.

"मोठी बॅटरी टाकू," सुदर्शन म्हणाला.

"आठ दिवस द्या. ती खातंय कोण, ते बघते."

तिने पेटी टेबलावर मांडली आणि प्रत्येक कामाला किती वेळ जातो ते मोजत बसली. एन्क्रिप्शन खात असणार असं तिला वाटलं होतं. पण त्या चिपमध्ये एन्क्रिप्शनसाठी वेगळा भाग होता आणि तो चुटकीसरशी काम उरकत होता. वेळ जात होता तो त्याच्यापर्यंत पोचण्यात. त्या भागाशी थेट बोलायची परवानगी कुठल्याच प्रोग्रामला नसते. मधे कर्नल असतो, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. प्रोग्रामने फोटो त्याच्या हाती द्यायचा, तो आपल्या हद्दीत त्याची पूर्ण नक्कल उतरवून घेणार, मगच पुढचं काम. तेही लहान लहान तुकड्यांत. प्रत्येक तुकड्यामागे प्रोसेसर जागा राहायचा आणि बॅटरी खायचा.

नक्कल करायचीच कशाला, या प्रश्नामागे ती तीन दिवस लागली. माहितीपत्रकं वाचली, दुसऱ्यांचे प्रोग्राम उघडून पाहिले. उत्तर जुनंच निघालं, कुणी वापरलं नव्हतं एवढंच. मेमरी पानापानांनी वाटलेली असते. पानावरचा मजकूर उतरवून द्यायच्या ऐवजी "हे पान घ्या, इथूनच वाचा" असं कर्नलला सांगता येतं. एका वेळी सोळा पानं, म्हणजे चौसष्ट केबी. फोटोचे असे पाच तुकडे पडत. तिने काम दोघांत वाटलं: प्रोग्रामचा एक भाग पानं पुढं सरकवणार, दुसरा एन्क्रिप्ट झालेला माल बाहेर काढून कार्डावर लिहिणार.

टेबलावरच्या पेटीची बॅटरी एकोणीस दिवस गेली. सुदर्शनने वर्कशॉपमध्ये सगळ्यांना मस्तानी पाजली आणि नवा प्रोग्राम शेतांतल्या पेट्यांत घातला.

तीन आठवड्यांनी ती बोरी बुद्रुकला गेली. तिथं राघूच्या बांधावर एक पेटी होती. राघू पन्नाशीचा, घरची शेती मुलगा बघतो, स्वतः अजून साठ मेंढरं सांभाळतो. आपल्या बांधावरून काय जातं ते बघायची त्याला हौस, म्हणून सोनल आली की आपल्याकडच्या किल्लीने लॅपटॉपवर फोटो उघडून दाखवायची. त्या दिवशी राघू बिबट्याच्या एका फोटोवर बराच वेळ थांबला. बिबट्याला तो वाघच म्हणायचा.

"ताई, हे पाय ह्या वाघाचे न्हाईत."

"म्हणजे?"

"खांदा बघा. वर आलाय. म्हंजे त्या पायावर भार हाय. आन् खाली बघा, त्योच पाय हवेत." त्याने पडद्याला बोट न लावता दाखवलं. "असं जनावर उभं ऱ्हाईल का? पडंल."

सोनलला तोवर फोटोत बिबट्या दिसत होता, बस. तिने पुढचा फोटो उघडला. पुढच्या फोटोत तोच पाय तसाच हवेत, आणि तिथं खांदाही बरोबर होता. पुन्हा मागचा फोटो. पाठ आधीची, पाय नंतरचे. खालच्या पट्टीत एक बारीक आडवी रेघही होती, आता दिसली.

"मामा, तुम्हाला हे कसं कळलं?"

"मेंढरू लंगडतंय का, रोज हेच बघतो की."

वारूळवाडीला परतताना एसटीत तिने त्या पट्टीची उंची मोजली. बरोबर शेवटचा तुकडा. तेव्हा तिच्या लक्षात आलं. शेवटची पानं पुढं सरकवली की तिचा प्रोग्राम कॅमेऱ्याला सांगत होता, जागा मोकळी झाली. पण कर्नलने ती पानं अजून वाचलेलीच नव्हती. त्याच्याकडे नक्कल नव्हती, फक्त पत्ता होता. एन्क्रिप्शन व्हायचं ते दुसरा भाग माल काढायला आला की. तेवढ्यात कॅमेरा त्याच पानांवर पुढचा फोटो टाकून मोकळा.

दुसऱ्या दिवशी तिने सुदर्शनला सांगितलं. "चूक माझी आहे. तीन आठवड्यांतल्या बऱ्याच फोटोंची खालची पट्टी गेली. ती परत यायची नाही."

सुदर्शनने टेबलावरचा फोन उचलला. मग म्हणाला, "अभ्यासवाल्यांना फोन मी करतो. सांगायचं काय ते तू लिहून दे."

ते चार ओळींचं पत्र तिला प्रोग्रामपेक्षा जड गेलं. दुरुस्ती मात्र दुपारपर्यंत झाली: माल बाहेर येईपर्यंत पानांना हात लावायचा नाही, आणि कॅमेरा खोळंबू नये म्हणून त्याला पानांचा दुसरा संच. बॅटरी आता अठरा दिवस जाते. पेटीतल्या तापमानाच्या नोंदी अगदी लहान असतात, त्यांना नक्कलच स्वस्त पडते, हेही तिने मोजलं आणि त्यांची वाट जुनीच ठेवली.

महिन्याने ती नवे फोटो घेऊन राघूकडे गेली. त्याने एकेक नीट पाहिला.

"आता चालतंय बरूबर."

सोनलने लॅपटॉप मिटला. "मला शिकवा ना मामा, लंगडं कसं ओळखायचं."

राघूने तिला वाघरीच्या, म्हणजे मेंढरांभोवती लावलेल्या जाळीच्या, तोंडाशी उभं केलं आणि मेंढरं एकामागून एक बाहेर सोडली. साठातली दोन लंगडी होती. तिला पहिल्या खेपेला एकही सापडलं नाही. राघूने सगळी परत आत घेतली आणि पुन्हा सोडली. तिसऱ्या खेपेला तिने एका मेंढीकडे बोट दाखवलं.

"ही?"

"ही न्हाई," राघू म्हणाला, "पर हिच्या मागची. जवळ आलात."